तेलाच्या बाटलीआधी अवजाराचा दांडा

सुगंधी वनस्पतींच्या लागवडीवरील प्रशिक्षणवर्ग संपत आला की प्रश्नोत्तरांना आरंभ होतो. सुरुवातीचे प्रश्न ठरावीक असतात. रोपे कोठे मिळतील, तेलाचा उतारा किती पडेल, खरेदी कोण करील, हे विचारणारे बहुधा पुरुष असतात. सभा उठू लागली की मागच्या रांगेतील एखादी साठी ओलांडलेली बाई पुढे येते, नमुन्याची बाटली हुंगते आणि हलक्या आवाजात विचारते, "हे कमरेला लावलं तर चालेल का?" उत्तराखंडच्या डोंगरात हा प्रश्न एका बोलीत येतो, बाराबंकीच्या पुदिन्याच्या शेतात दुसऱ्या, तर खानदेशात तिसऱ्या. प्रश्न मात्र तोच असतो.

आपण विस्तार कार्यकर्ते त्याला सहसा दोनपैकी एक उत्तर देतो. एक तर हसून म्हणतो, "लावा की, नैसर्गिकच आहे." नाहीतर म्हणतो, "तो आमचा विषय नव्हे, डॉक्टरांना विचारा." माझ्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्यात बेफिकिरी आहे आणि दुसऱ्यात जबाबदारी टाळणे आहे. सुगंधी पिकाचा प्रसार आपण करतो, म्हणून त्या पिकाच्या तेलाविषयी खरे काय ते सांगणे हे आपलेच काम आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कंबर ज्या कामाने दुखते, ते कामही आपल्याच विषयातले आहे.

दुखणे येते कोठून

भाताची लावणी, निंदणी, खुरपणी, कापणी, शेण गोळा करणे, चारा व सरपण वाहणे ही कामे देशाच्या बहुतेक भागांत स्त्रियांच्या वाट्याला येतात. ती सारी कमरेत वाकून, उकिडवे बसून किंवा डोक्यावर ओझे घेऊन करावी लागतात. विशी-पंचविशीत शरीर हे सोसते. चाळीस वर्षांनंतर तेच शरीर हिशेब मागू लागते. रजोनिवृत्तीनंतर हाडांतील खनिजे झपाट्याने कमी होतात, मणके ठिसूळ होतात, पोटाचे व पाठीचे स्नायू सैल पडतात. डोंगराळ भागांतील तरुण मंडळी शहराकडे गेल्यामुळे साठीनंतरही शेताचा भार याच स्त्रियांवर राहिला आहे.

सुगंधी पिकांनी या स्त्रियांना काही दिलासा दिला आहे, हे नाकारता येणार नाही. रानडुकरे आणि माकडे ज्याला तोंड लावत नाहीत, असे गवती चहाचे पीक डोंगरउतारावरील पडीक जमिनीत उभे राहते. जम्मूच्या डोडा जिल्ह्यातील भद्रवाह परिसरात लव्हेंडरने मक्याची जागा घेतली आणि रोख उत्पन्न आणले. सीएसआयआरच्या अरोमा मिशनचा दुसरा टप्पा २०२१ मध्ये सुरू झाला आणि ही पिके अनेक राज्यांत पोहोचली. मेंथॉल पुदिन्याच्या तेलात तर भारत जगातील सर्वात मोठा उत्पादक आहे.

परंतु या पिकांची कापणी कशी होते, याकडे पाहावे. गवती चहा जमिनीपासून वीतभर उंचीवर विळ्याने कापतात आणि वर्षातून अशा तीन-चार कापण्या होतात. पुदिना त्याहूनही खाली, जमिनीलगत कापावा लागतो. बाराबंकीत ही कापणी मे-जूनच्या उन्हात होते. गवती चहाच्या ताज्या पाल्यातून शेकडा अर्धा ते पाऊण टक्का एवढेच तेल निघते. म्हणजे किलोभर तेलासाठी दीडशे-दोनशे किलो पाला कोणीतरी वाकून कापलेला, बांधलेला आणि डोक्यावरून भट्टीपर्यंत वाहिलेला असतो. ज्या तेलाने कंबर मोकळी होईल असे आपण सांगतो, ते तेल मुळात कोणाच्या तरी कमरेवरच निघाले आहे. ही विसंगती प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावी.

सुगंधोपचाराविषयी काय ठाऊक आहे

'अरोमाथेरपी' हा शब्द फ्रेंच रसायनज्ञ गातफोसे याने १९३७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात वापरला आणि तो रूढ झाला. प्रथा मात्र आपल्याकडे जुनी आहे. खानदेशातील रोशा गवताचे तेल सांधे आणि कंबर चोळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. निरगुडीच्या पाल्याचा शेक आणि तिळाच्या कोमट तेलाची मालीश ही तर घरोघरीची रीत आहे.

यात तथ्य किती? तेलातील घटकांचे काम दोन वाटांनी होते. पहिली वाट त्वचेची. पुदिन्यातील मेंथॉल त्वचेतील थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवते. त्यामुळे गारवा जाणवतो आणि काही काळ वेदनेची जाणीव मागे पडते. गंधपुऱ्याच्या तेलातील मिथाइल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातले द्रव्य असून ते त्वचेतून शरीरात शिरते. दुसरी वाट नाकाची. गंधाची संवेदना मेंदूतील भावना व स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे थेट जाते. लव्हेंडरसारख्या गंधाने मन सैलावते व झोपेला मदत होते, असा अनेकांचा अनुभव आहे. जुनाट दुखण्यात झोप मोडणे, चिंता वाढणे आणि त्यामुळे वेदना अधिक जाणवणे असे चक्र सुरू असते. ते थोडे सैल झाले तरी रुग्णाला बरे वाटते. मात्र वयाबरोबर गंधाची जाणीव मंदावते, त्यामुळे सर्वच वृद्ध स्त्रियांना हा लाभ सारखा मिळेल असे नाही.

या विषयावरील दोन चाचण्या उल्लेखनीय आहेत. हाँगकाँगमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कंबरदुखीच्या रुग्णांना सौम्य विद्युत उद्दीपन आणि त्यानंतर लव्हेंडर तेलासह बिंदुदाब देण्यात आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची वेदना अधिक घटली. थायलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साठीपुढील १४० कंबरदुखीग्रस्तांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आल्याच्या सुगंधी तेलासह स्वीडिश पद्धतीची मालीश आणि दुसऱ्याला पारंपरिक थाई मालीश देण्यात आली. प्रत्येक बैठक तीस मिनिटांची, आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे. दोन्ही गटांना आराम पडला; तेलाच्या गटाला अधिक पडला.

या निष्कर्षांनी हुरळून जाण्यापूर्वी एक गोष्ट पाहिली पाहिजे. पहिल्या चाचणीत विद्युत उद्दीपन, दाब आणि गंध हे तिन्ही एकत्र होते. दुसरीत तेलही वेगळे होते आणि मालिशची पद्धतही वेगळी होती. त्यामुळे गुण नेमका कशाचा, तेलाचा की हाताचा, हे यांवरून ठरत नाही. पिकाच्या प्रयोगात एका वाफ्याला नवे वाण आणि दुप्पट खतही दिले, तर उत्पादनवाढ वाणाची म्हणता येत नाही. हे आपण शेतकऱ्यांना नेहमी सांगतो. तोच न्याय येथेही लावावा.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती वृद्धांनाही लागू आहेत. रुग्णाला दुखण्याची नीट माहिती देणे, व्यायाम, मालिशसारखे काही शारीरिक उपचार, मानसिक आधाराचे उपचार आणि गरजेनुसार दाहशामक औषधे यांना त्यांत स्थान आहे. कमरेचे पट्टे, ताण देण्याचे उपचार आणि अफूजन्य वेदनाशामके यांची सरसकट शिफारस नाही. मालिशला स्थान आहे, परंतु अनेक उपायांपैकी एक म्हणून. गावोगावी हौसेने विकत घेतले जाणारे कंबरपट्टे मात्र त्यात बसत नाहीत, हे आपल्या बैठकांतून सांगण्यासारखे आहे.

मालीश कोण करणार

थायलंडमधील चाचणीचा एक अर्थ मला तेलाहून मोठा वाटतो. त्या प्रत्येक वृद्धाला पाच आठवड्यांत दहा वेळा, दर वेळी अर्धा तास, दुसऱ्या माणसाचे हात लाभले. आपल्या खेड्यातील वृद्ध स्त्रीला हे मिळते का? नवजात बाळाला तेल लावायचे ते तिने, बाळंतिणीचे अंग रगडायचे तेही तिने, घरधन्याचे पाय चेपायचे तेही तिनेच. तिची पाठ चोळायला मात्र घरात कोणी मोकळे नसते. कमरेपर्यंत स्वतःचा हात धड पोहोचत नाही, म्हणून ती कसेबसे चार बोटे तेल लावते आणि पुन्हा चुलीपुढे बसते. मग बाटलीला गुण नाही, असा निष्कर्ष निघतो.

म्हणून तेलाची बाटली देताना ते कोण लावणार, हेही विचारावे. महिला बचत गटांनी आठवड्यातून एक सायंकाळ परस्परांना मालीश करण्यासाठी राखली, तर त्याला जवळपास काही खर्च नाही. त्या जोडीला आरोग्य कार्यकर्तीकडून शिकून घेतलेले पाठ व पोट बळकट करणारे साधे व्यायाम आणि रोजचे थोडे चालणे असावे. अंथरुणावर पडून राहण्याने जुनाट कंबरदुखी बरी होत नाही, ही समजही अशा बैठकीतच रुजते.

आणखी एक बाजू न्यायाने मांडली पाहिजे. दुकानातून सुट्या घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाणाऱ्या वृद्ध स्त्रिया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. या गोळ्यांनी जठरात व्रण होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तदाब वाढतो. योग्य रीतीने पातळ केलेल्या तेलाच्या मालिशने त्यांतील काही गोळ्या वाचत असतील, तर तो लाभ लहान नाही. म्हणूनच सुगंधी तेलाला थोतांड म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

भट्टीतून निघालेले तेल हे अतिशय तीव्र द्रव्य असते. ते थेट कातडीवर लावू नये. वृद्ध स्त्रियांची त्वचा पातळ व कोरडी असते, म्हणून त्यांच्यासाठी एक ते दोन टक्के प्रमाण पुरेसे आहे. म्हणजे १०० मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात १ ते २ मिलिलिटर सुगंधी तेल. आधी कोपराच्या आतील बाजूस थेंबभर लावून एक दिवस थांबावे. गवती चहाच्या तेलातील सिट्रालमुळे काहींना पुरळ येते, तेव्हा ही खबरदारी सोडू नये. जखमेवर, खाजेच्या जागी किंवा डोळ्यांजवळ तेल लावू नये. मेंथॉलयुक्त तेल लावून त्यावर गरम शेक देऊ नये, कारण बधिर झालेल्या कातडीला चटका समजत नाही. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या स्त्रियांनी तर हे कटाक्षाने पाळावे.

निलगिरी पर्वतात आणि ईशान्य भारतात मिळणाऱ्या गंधपुऱ्याच्या तेलाविषयी स्वतंत्र इशारा देणे भाग आहे. या शुद्ध तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते. ते पोटात गेले तर लहान मूल दगावू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांनी ते चोळूनही वापरू नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. कापूर आणि निलगिरी तेल मुलांच्या पोटात गेल्यास झटके येतात. आजीच्या उशाशी ठेवलेली बाटली नातवंडाच्या हाती लागते, हे ध्यानात घेऊन ती कुलपात किंवा उंचावर ठेवावी. यांपैकी कोणतेही तेल पिण्यासाठी नाही.

आणि काही वेळा मालीश मुळीच करू नये. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पडल्यानंतर अचानक सुरू झालेले दुखणे, पायात मुंग्या किंवा दुबळेपणा, लघवी-शौचावरील ताबा जाणे ही लक्षणे दिसताच तेलाची बाटली बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही आढळतो. ठिसूळ झालेला मणका मोडलेला असेल तर रगडण्याने अपाय होतो. अशा वेळी "डॉक्टरांना विचारा" हे उत्तर टाळाटाळीचे राहत नाही, तेच योग्य ठरते. जवळचे आयुष्मान आरोग्य मंदिर किंवा ई-संजीवनीची दूरध्वनी-सल्ला सेवा यांची माहिती प्रत्येक कार्यकर्त्यापाशी असावी.

उत्पादकांसाठी दोन शब्द

शेतकरी उत्पादक कंपन्या व बचत गट कच्चे तेल विकण्याऐवजी त्याचे मूल्यवर्धन करू पाहतात, हे स्वागतार्ह आहे. मात्र वेदनाशामक तेल म्हणून बाटली विकायची तर ती औषध ठरते आणि १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो. सौंदर्यप्रसाधन म्हणून तेल तयार करून विकायचे असले तरी त्याच कायद्याचे नियम पाळावे लागतात. 'कंबरदुखी मुळापासून बरी' अशा खोट्या जाहिरातींना १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आड येतो. कायद्याचे भय बाजूला ठेवले, तरी हा विश्वासाचा व्यवहार आहे. एका गटाच्या तेलाने चार जणींच्या पाठीवर फोड आले, तर साऱ्या परिसराचे तेल बदनाम होते.

तेल भट्टीतून काढल्यावर त्यातील पाण्याचा अंश काढावा, गाळावे आणि गडद रंगाच्या काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात भरावे. साध्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवू नये. बाटलीवर वनस्पतीचे नाव, ऊर्ध्वपातनाची तारीख, पातळ केल्याचे प्रमाण आणि 'पिऊ नये, मुलांपासून दूर ठेवा' ही सूचना स्थानिक भाषेत मोठ्या अक्षरांत असावी. वृद्ध ग्राहकाला बारीक अक्षरे दिसत नाहीत. घटकांची तपासणी लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेसारख्या ठिकाणी करून घेता येते. कृत्रिम सिट्रालची भेसळ ओळखण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

आपले खरे काम

येथवर तेलाचे झाले. आता ज्यासाठी हा लेख लिहिला, त्याकडे येतो. तेलाने वेदना काही तास मागे सरते. दुसऱ्या दिवशी तीच स्त्री तेच आखूड मुठीचे खुरपे घेऊन त्याच सरीत वाकते आणि वेदना परत येते. कारण तसेच ठेवून लक्षण पुसत राहणे, याला उपचार म्हणता येणार नाही. पिकावर कीड कोठून येते हे न पाहता फवारणी करत राहणाऱ्यास आपण हेच सांगत आलो आहोत.

हे कारण दूर करण्याची साधने आपल्याच संशोधन व्यवस्थेत तयार आहेत. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने उभ्याने चालवण्याचे दोन चाकी हात-कोळपे आणि उभ्याने टोकणी करण्याचे 'नवीन' डिबलर विकसित केले. भातासाठी ड्रम सीडर आणि कोनो वीडर आहेत. दातेरी विळ्याने कापताना झटके कमी बसतात. भुवनेश्वरची केंद्रीय कृषिरत महिला संस्था १९९६ पासून स्त्रियांच्या श्रमभाराचा अभ्यास करत आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांत महिला शेतकऱ्यांना अनुदानाचा दर अधिक ठेवलेला आहे.

तरीही ही अवजारे तिच्या हाती का पोहोचत नाहीत? सात-बारावर तिचे नाव नसते, म्हणून अर्ज तिच्या नावाने होत नाही. प्रात्यक्षिकाला पुरुष येतात आणि खुरपणी ते करत नसल्यामुळे त्यांना खुरप्याची अडचण जाणवत नाही. दांड्याची उंची व मुठीची जाडी पुरुषाच्या मापाने असते, तेव्हा पाच फुटांहून कमी उंचीच्या वृद्धेला तेच कोळपे नवे ओझे वाटते. आणि मजुरीने जाणाऱ्या स्त्रीला अवजार कोणी द्यायचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

यावर माझ्या सूचना मोजक्या आहेत. सुगंधी पिकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात लागवड आणि तेल यांच्या बरोबरीने कापणी व वाहतुकीतील श्रम कमी करण्यावर एक तास राखावा. ज्या गटाकडे ऊर्ध्वपातन संयंत्र आहे, त्याच्या अवजार बँकेत उभ्याने वापरायची साधने व पाला वाहण्यासाठी हातगाडी अनिवार्य असावी. संयंत्राच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. अवजाराचे प्रात्यक्षिक जी स्त्री ते काम करते तिच्याच हातून व्हावे आणि दांडा तिच्या मापाने बदलून द्यावा. हे काम गावातला सुतार-लोहारही करू शकतो. कापणीच्या हंगामात वृद्ध स्त्रियांना वाकण्याचे काम न देता प्रतवारी, गाळणी, बाटल्या भरणे अशी बसून करण्याची कामे त्याच मजुरीने द्यावीत आणि बसायला पाठ टेकता येईल असे आसन द्यावे.

मागच्या रांगेतील त्या बाईला मग काय उत्तर द्यावे? माझे उत्तर असे : "आजी, लावा, पण तिळाच्या तेलात पातळ करून, आणि कोणाकडून तरी चोळून घ्या. ताप किंवा पायात मुंग्या असतील तर आधी दवाखान्यात दाखवा. आणि उद्या सकाळी तुम्ही खुरपता त्या शेतावर मी येतो, तुमचे खुरपे मला दाखवा." यातील शेवटचे वाक्य आपण खरे करून दाखवले, तर पहिल्या दोन वाक्यांवर ती विश्वास ठेवील.